नर्मदाबाईचे पाच कोष

चुनीलालनं काडेपेटी कानाशी नेऊन हलवली, भरलेली आहे याची खात्री करून घेतली आणि काउंटरवर ठेवली. झालं ते एवढंच. नंदुरबारच्या त्या गल्लीतल्या दुकानात असं दिवसातून वीसदा होत असेल आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसेल. पण हेमकांतचा पैशांसाठी खिशात गेलेला हात खिशातच राहिला. मागची बाई दुधाची पिशवी मागत होती, तिला वाट द्यायची हेही त्याला सुचलं नाही. चुनीलालनं विचारलं, "काय भाऊ, बरं शे ना?" हेमकांत हो म्हणाला, पैसे ठेवले आणि काडेपेटी तिथेच विसरून रस्त्यावर आला. घरी रोहिणी देवापुढे वात घालून बसली होती. रिकाम्या हातानं आलेल्या नवऱ्याकडे तिनं बघितलं, तो म्हणाला, मला तळोद्याकडे जाऊन यायचंय. आज रविवार, तिनं आठवण करून दिली. माहीत आहे, तो म्हणाला, आणि मोटारसायकलची किल्ली घेऊन जिना उतरला.

नर्मदाबाई हलवायची. प्रत्येक कोष. तळोद्याच्या अलीकडे रस्त्याला लागून जे रेशीम केंद्र आहे, तिथली मशीनं हेमकांत बघतो. पण मशीनं यायच्या आधी तिथे आठ कढया होत्या, आठ चरखे होते आणि आठ बाया होत्या. दाराजवळची पहिली कढई नर्मदाबाईची. टोपलीतून कोष उचलायचा, उजव्या कानाशी न्यायचा, दोनदा हलवायचा आणि मग ठरवायचं, पाण्यात टाकायचा की बाजूला. आत किडा जिवंत असला की जड, बोथट आवाज येतो. वाळला असला की खुळखुळतो. सडला असला की येतच नाही. सोळा वर्षं तिनं हेच केलं होतं आणि ती सवय हाताला इतकी चिकटली होती, की बाकीच्या बाया तिची थट्टा करायच्या. तुझ्या पोराला, वाहरूला बायको बघायला गेलीस तर पोरीचं डोकंही असंच हलवून बघशील, म्हणायच्या. ती हसायची आणि पुढचा कोष कानाशी न्यायची. आणि त्या संध्याकाळी हेमकांतनं तिच्या तळहातावर पाच कोष ठेवले, तेव्हा तिनं ते हलवले नव्हते. मूठ मिटली होती. एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं, पदराच्या टोकाला गाठ मारली होती आणि गेली होती. चार महिने हेमकांत ती संध्याकाळ मनात घोळवत होता आणि दरवेळी त्याला स्वतःचाच खोटेपणा दिसत होता. तो पचला, याची लाजही वाटत होती आणि लाजेच्या तळाशी थोडी सुटकाही होती. तिनं हलवले नाहीत, हे त्याला आज चुनीलालच्या दुकानात दिसलं. जी बाई आयुष्यभर प्रत्येक कोष हलवत आली तिनं तेच पाच हलवले नाहीत, कारण तिला गरज नव्हती. किंवा तो आवाज त्याला ऐकू जाऊ नये, असं तिला वाटलं.

तापीच्या पुलावर त्यानं गाडी हळू केली. पाणी खाली गेलेलं होतं, मधली वाळू उघडी पडली होती. सारंगखेड्याकडचं त्याचं घर याच पाण्यावर पोसलेलं, ऊस, केळी, आता बांधावर तुती. चुलत्यांनी तुती लावली ती हेमकांतच्याच सांगण्यावरून. डिप्लोमा करून आलेला पोरगा म्हणून त्याच्या शब्दाला घरात वजन होतं आणि केंद्राचा मालक अजित तर त्याच्यावाचून पाऊल उचलत नव्हता. मशीन आणू या, हे अजितला पहिल्यांदा हेमकांतनंच सुचवलं. त्यात लबाडी नव्हती. त्या बायांची बोटं त्यानं बघितली होती. दिवसभर उकळत्या पाण्यातून धाग्याचं टोक शोधायचं, त्यामुळे बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, नखं मऊ, कातडी सुटलेली. नर्मदाबाई भाकरी मोडायची तीसुद्धा बोटांच्या पेरांनी, टोकांना तिखट लागू नये म्हणून. हे कुणाच्या नशिबी असू नये, असं त्याला मनापासून वाटायचं. मशीनचा माणूस आला तेव्हा त्याला दाखवायला हेमकांत मोबाईलवर वेळ लावून तिच्याजवळ बसला होता. टोक कसं सापडतं, त्यानं विचारलं. ती म्हणाली, सापडत नाही, आपण हात धीरानं ठेवायचा, ते आपणहून येतं. मशीनच्या ब्रशचा वेग त्यांनी कमी केला तो त्यावरून. मशीन पहिल्या दिवसापासून सुरेख चाललं. आठातल्या दोन बायांना झाडलोटीला ठेवलं, सहा जणींना दसऱ्यानंतर येऊ नका म्हणून सांगितलं. त्या सहांत नर्मदाबाई होती. बोटं वाचली होती, बोटांचं काम गेलं होतं. हे दोन्ही एकाच वेळी होणार, हे इतक्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिचं मूळ गाव नर्मदेच्या काठचं. मणिबेलीला नावेतून जाताना आमच्या शेतावरून जावं लागतं, असं ती सहज सांगायची, रस्ता सांगावा तसं. गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर इकडे पुनर्वसन वसाहतीत जमीन मिळाली, ती खडकाळ. नवरा लवकर गेला, एकटा वाहरू राहिला. दरवर्षी दिवाळीनंतर तो टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायचा आणि होळीला परत यायचा. तिचा एक नेम होता. तो कुठल्या गावचा नव्हता, जातीचा नव्हता, तिचा एकटीचा होता. तिच्या गावात रेशीम कुठलं असायला? घरात नवं धान्य आलं की आधी देवाला ठेवायचं आणि मग खायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. केंद्रात लागल्यावर पहिल्याच हंगामात तिनं म्हटलं, एवढ्यांना आपण उकळणार, पहिले पाच तरी सोडायला पाहिजेत. पहिल्या मालातले पाच जिवंत कोष ती घरी न्यायची, टोपलीत ठेवायची. दहा-बारा दिवसांनी पाखरं कोष भिजवून, तोंड उघडून बाहेर यायची. त्यांना उडता येत नाही, नुसती पंख फडफडवतात. ती त्यांना आंब्याच्या खोडावर सोडायची. त्यांची वाट मोकळी झाली की वाहरूची वाट मोकळी, असं ती म्हणायची. आणि खरोखर तो दर होळीला आला होता. गेली तीन वर्षं तर तो गेलाच नव्हता. आईच्या मजुरीवर घर भागत होतं, त्यानं फुलवंताबाईशी लग्न केलं, खडकातली दोन वाफ्यांची जागा साफ केली. मग दसरा आला, तिचं काम गेलं आणि दिवाळी झाल्यावर वाहरूनं पुन्हा कोयता काढला.

काम सुटलं होतं तरी ती केंद्रावर आली. मालकाकडे नाही, थेट हेमकांतकडे. म्हणाली, "पहिला माल येवाव शे ना, त्यामातला पाच जित्ता ठेव माले. वाहरू चालना गुजरातले." हेमकांतनं शब्द दिला. पूर्वी त्यात अवघड काही नव्हतं. शेतकऱ्यांचा माल यायचा, थोड्या थोड्या कोषांतला किडा वाफेवर मारायचा, उरलेला दोन-तीन दिवस तसाच पडून असायचा. त्यात जिवंत कोष पाहिजे तेवढे. पण त्या दिवशी कोष वाळवणारा नवा ड्रायर पहिल्यांदा चालणार होता. अजितनं पाहुणे बोलावले होते, नारळ फोडला, पेढे वाटले. माल गाडीतून उतरला तो सरळ थाळ्यांत आणि थाळ्या सरळ ड्रायरमध्ये. एकशे दहा अंशांवर सुरुवात, मग उतरत उतरत साठावर. हेमकांत आकडे बघत होता, फोटोत उभा राहत होता, पाहुण्यांना समजावून सांगत होता. त्याच्या आयुष्यातला तो चांगला दिवस होता, हे त्यानं आज पुलावर स्वतःशी कबूल केलं. पाच कोष त्याच्या डोक्यातून साफ गेले. संध्याकाळी ती दारात उभी दिसली, तेव्हा केंद्रात तीनशे किलो कोष होते आणि त्यांत एकही जीव नव्हता. वाहरूच्या टोळीची ट्रॉली सकाळी निघणार होती. दुसरा माल यायला आठवडा होता. तो आत गेला, थाळीतून पाच निवडले. पांढरेशुभ्र, गोल, एकसारखे, बाहेरून काही कळण्यासारखं नव्हतं. "ले मावशी," तो म्हणाला, "पाची जित्ता शेतस." हे वाक्य तिनं विचारलं नसताना त्यानं म्हटलं होतं. नुसते दिले असते तर निदान ती चूक राहिली असती.

वसाहतीकडे वळताना समोरून माणसांनी भरलेल्या जीपा जात होत्या. होळीआधी भरणारा भोंगऱ्याचा बाजार होता, होळी तीन दिवसांवर आली होती. टोळ्या याच दोन-तीन दिवसांत परततात. वाहरू आला असेल, हेमकांत मनात म्हणाला. तो अंगणात बसलेला असेल, मी जाईन, सगळं सांगेन, ती शिव्या देईल, वाहरू हसेल आणि संपेल एकदाचं. सगळा रस्ता तो हेच म्हणत आला. माफी मागायची हेच ठरवून तो निघाला होता, पण वाहरू घरी असेल तर ती स्वस्तात पडेल, हेही त्याला कळत होतं.

वाहरू आलेला नव्हता. अंगण सारवलेलं होतं, दाराशी पळसाची फुलं वाळत टाकली होती. फुलवंताबाई सूप घेऊन बसली होती, सातवा महिना तरी असावा. त्याला बघून ती पदर सावरत उठली, खाट टाकली, पाणी दिलं. घरात त्यांची बोली निराळी, पण हेमकांतशी सगळे अहिराणीतच बोलत. सासू शेळ्या बांधायला गेली आहे, येईलच, ती म्हणाली. टोळी आज येणार होती, तालुक्यावरून निरोप आला होता. वाहरूचा फोन मात्र वीस-बावीस दिवस बंद आहे. हे तिनं इतक्या सहजपणे सांगितलं की हेमकांतनं पेला खाली ठेवला. बंद म्हणजे, त्यानं विचारलं. लागतच नाही, ती म्हणाली, पाण्यात पडला असेल, मागेही एकदा पाडला होता. "माले काय घोर नही, भाऊ. पाची निंघनात. मी पाणीले गयती तव्हय निंघनात, मायनी आंबावर सोडी दिधात." आणि तिनं मेढीला टांगलेली टोपली काढून त्याच्यासमोर धरली.

टोपलीत पाच कोष होते. पाचही एका टोकाला उघडलेले.

हेमकांतनं एक उचलला. पाखरू बाहेर येतं तेव्हा धागे तुटत नाहीत, ओले होऊन बाजूला सरतात आणि कडेला पिवळट, वेडावाकडा डाग राहतो. इथेही धागे तुटलेले नव्हते. कुणीतरी कोमट पाण्यात ते टोक धरून एकेक धागा बाजूला सारला होता, तासन्‌तास, न तोडता. असं करू शकणारा एकच हात त्याला ठाऊक होता. आतला वाळलेला किडा काट्यानं काढला असणार. पाचही भोकं सारख्याच आकाराची होती. पाखरं इतकी नीटनेटकी नसतात. कडेचा डाग त्यानं अंगठ्यानं चाचपला आणि नकळत नाकाशी नेला. चहाचा होता. त्यानं तिला फसवलं होतं आणि तिनं बसून त्याच्या फसवणुकीचं काम पुरं केलं होतं, तेही त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं. "देखा ना," फुलवंताबाई म्हणाली आणि टोपली जपून परत टांगली. ती आत चहा ठेवायला गेली.

नर्मदाबाई कुडाच्या कडेनं आली. चार महिन्यांत वाळली होती. त्याला बघून ती थबकली नाही, येऊन उंबऱ्याशी टेकली, हात मांडीवर ठेवले. बोटांची टोकं भरून आली होती, नखं कठीण झाली होती. अगदी साध्या, निरोगी बोटांसारखी बोटं. हेमकांतला ती बघवेनात. आतून फुलवंताबाईचं भांडी हलवणं ऐकू येत होतं, म्हणून तो हळू बोलला.

"मावशी, मी माफी मांगाले उनू."

शेजारच्या शेळीनं फुलांकडे तोंड नेलं तशी तिनं खडा मारून तिला हाकललं.

"तुले तव्हयच समजनं?"

"हातमा पडनात तव्हयच," ती म्हणाली. "सुका पानगत हलका."

"मंग बोलनी का नही?"

तिला हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. ती त्याला समजेल असं सांगू लागली. त्याच्याकडे जिवंत असते तर त्यानं दिलेच असते, हे तिला माहीत होतं. नव्हते, म्हणून त्यानं तोंडानं जिवंत केले. वाहरूचं बोचकं बांधून झालेलं होतं, ट्रॉली सकाळी निघणार होती. आई काय घेऊन येते म्हणून तो दारात उभा होता. त्याला काय सांगायचं होतं? तिनं गाठ सोडून पाच कोष दाखवले, तो हसला, जेवला आणि झोपला. मग बाराव्या दिवशी सून विचारू लागली. तिच्या पोटात पोर. एवढंच सांगून ती थांबली. हेमकांतनं मान खाली घातली. त्याला वाटत होतं ती चिडेल, पण तिच्या बोलण्यात रागाचा मागमूस नव्हता. मग तिनं जे म्हटलं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, एका कामकरणीनं दुसऱ्याच्या कामाला द्यावी तशी ती दाद होती, आणि म्हणून त्याला ती सहन झाली नाही.

"तुन्हं मशीन चांगलं शे, भाऊ. एक बी वाचनं नही."

चार महिने. त्याला आता तिचे चार महिने दिसू लागले. फोन लागत होता तेव्हाही हिला झोप नसेल. सून निर्धास्त, शेजारीपाजारी निर्धास्त आणि ही एकटी, त्या संध्याकाळपासून, पदराला गाठ मारली त्या क्षणापासून. कुणाजवळ बोलायची सोय नाही, कारण बोलली की सुनेचा धीर जाणार. आपण नंदुरबारात जेवत होतो, टीव्ही बघत होतो, मनातल्या मनात आपल्या अपराधाला कुरवाळत होतो. आणि ही इथे पाच मेलेल्या किड्यांची राखण करत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातल्या दोन कोषांना तरी, एकाला तरी, आपण थाळीत जायच्या आधी उचललं असतं! हात एकदा लांबवण्याचं काम होतं. सांगून टाकू का तिला, त्यानं आतल्या दिशेला बघत विचारलं, माझी चूक मी सांगतो, शिव्या मी खातो. नर्मदाबाईनं त्याचं मनगट धरलं. "तिले काही सांगू नको," ती म्हणाली. तिचा हात गरम आणि खरखरीत होता.

चहा झाला. उन्हं कलू लागली तशी वसाहतीच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज आला आणि पोरंसोरं धावली. फुलवंताबाई सूप टाकून पोटाला हात धरून रस्त्याकडे निघाली. नर्मदाबाई उठली नाही. हेमकांतही तिच्याजवळच उभा राहिला. ट्रॉलीतून माणसं उतरत होती, कोयत्यांची गाठोडी, पेट्या, एक कोंबड्यांचं खुराडं. ज्याच्या त्याच्या घरचं माणूस ज्याला त्याला सापडत होतं. ट्रॉली रिकामी झाली. मग मुकादम धनसिंग फुलवंताबाईबरोबर अंगणात आला. त्याच्या हातात वाहरूचं पांघरूण होतं, घडी घातलेलं. तो खाटेवर बसला नाही. वाहरू टोळीत नाही, तो म्हणाला. तीन आठवडे झाले. एका सकाळी फडावर आलाच नाही. कुणी म्हणालं सुरतेला मिलमध्ये लागला, कुणी म्हणालं रेल्वेवर. दोन दिवस शोधलं. पोलिसांतही जाऊन आलो. त्याच्या बोलण्यात दोष अंगावरून झटकण्याची घाई होती, पण डोळे नर्मदाबाईला टाळत होते. तिनं पांघरूण घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्याला काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्यानं धनसिंग आणखीच घाबरला.

फुलवंताबाईनं मात्र मान हलवली. सुरतेलाच असेल, ती म्हणाली. पैसे जास्त मिळतात तिथे, फोन नवा घेऊनच येईल. तिचा आवाज आधी होता तसा राहिला नव्हता. जमलेल्या बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला, ते तिला दिसलं आणि ती एकदम चिडली. काय झालंय रडायला, पाचही निघाले होते, टोपली बघा हवी तर. मग तिची नजर हेमकांतवर पडली. हा शिकलेला, केंद्रातला, ज्यानं स्वतःच्या हातानं दिले तो माणूस.

"भाऊ, तुम्हीच सांगा यासले. तुम्हीच दिधात ना? पाची जित्ता व्हतात ना?"

अंगणातली सगळी माणसं त्याच्याकडे वळली. तो खरं सांगायला निघाला होता. नंदुरबारहून इथवर त्यानं दुसरं काहीही बरोबर आणलं नव्हतं.

"हा," तो म्हणाला. "पाची जित्ता व्हतात."

फुलवंताबाईनं श्वास सोडला आणि धनसिंगकडे बघितलं. माणसं हलली, कुणीतरी पाणी मागितलं. नर्मदाबाईनं मांडीवरच्या पांघरुणावरून डोळे उचलले. ती आता हेमकांतकडेच बघत होती, आणि विचारताना सुनेच्या तोंडावर जी आस होती तीच तिच्या तोंडावर होती.

"फिरीसन सांग, भाऊ," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.